मशीहाचे पूर्वास्तित्व निकैयात ठरले नाही

महोदय,

येशू जन्मापूर्वी अस्तित्वात होता ही शिकवण 325 साली निकैयाच्या धर्मपरिषदेत प्रथम ठरली, असे आपल्या पुरवणीतील लेखात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांत, हीच गोष्ट जुन्या करारात पानोपानी स्पष्ट लिहिलेली आहे, असे उत्तर होते. मला दोन्ही म्हणणी पटली नाहीत. मशीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला अभिषिक्त तारणारा, येशूच आहे आणि तो जन्मापूर्वी होता असे मी मनापासून मानतो, म्हणूनच शास्त्र ते नेमके कुठे सांगते याबाबत ढिलाई नको असे वाटते.

पुत्र, म्हणजे ख्रिस्त, देवाने निर्माण केलेला आहे, हे आरियस या धर्मगुरूचे मत निकैयात अमान्य झाले हे खरे. पण पुत्र जगाच्या आधी होता आणि त्याच्याद्वारे जग निर्माण झाले, हे आरियसलाही मान्य होते. त्या पुत्राला आरंभ आहे की नाही, एवढ्यावरच भांडण होते. बेथलेहेमात जन्मण्याआधी तो होता का, हा प्रश्न तेथे दोन्ही बाजूंनी सुटलेलाच होता.

तो किती आधी सुटला होता, हे प्रेषित पौलाने तुरुंगातून फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या, नव्या करारातील पत्रात दिसते. निकैयाच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधीचे हे पत्र. त्याच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि तो माणसासारखा झाला, असे येते. पौल येथे काही सिद्ध करायला बसलेला नाही. तो मंडळीला नम्रता शिकवतो आहे आणि दाखला म्हणून हे सांगतो आहे. वाचकांना आधीच मान्य असलेल्या गोष्टीचाच दाखला कोणी देतो. मला हा पुरावा सर्वांत भक्कम वाटतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. मशीहा आधीपासून होता तो केवळ देवाच्या संकल्पात, असे काहीजण म्हणतात. शास्त्रात अशी भाषा आहेच. उदरात घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखत होतो, असे देव यिर्मया संदेष्ट्याला सांगतो; म्हणून यिर्मया जन्मापूर्वी जगत होता असे कोणी म्हणत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातही, ख्रिस्त जगाच्या स्थापनेपूर्वी नेमलेला होता आणि शेवटच्या काळी प्रकट झाला, एवढेच आहे. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात जगाआधी निर्माण झालेल्या सात गोष्टी दिल्या आहेत. तोरा (मोशेचे नियमशास्त्र), पश्चात्ताप, एदेन बाग, नरक, देवाचे सिंहासन, मंदिर आणि मशीहाचे नाव. मशीहा नव्हे, त्याचे नाव! पूर्वसंकल्प आणि पूर्वास्तित्व यांतला फरक इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

पण संकल्प स्वतःला रिक्त करत नाही. संकल्प प्रार्थनाही करत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू पित्याला म्हणतो की, जग होण्यापूर्वी तुझ्याजवळ जे गौरव माझे होते ते मला दे. आठव्या अध्यायात, अब्राहामाच्या आधीपासून मी आहे, असे तो सांगतो तेव्हा ऐकणारे त्याला मारायला दगड उचलतात. देवाने माझा बेत आधी केला होता, एवढाच अर्थ असता तर कोणी दगड उचलले नसते. सोळाव्या शतकात फाउस्तो सोझिनी या इटालियन धर्मविचारकाने पूर्वास्तित्व नाकारले. मग, मी स्वर्गातून उतरलो, या येशूच्या वचनांचे काय करायचे? त्यासाठी त्याला, येशू सेवाकार्य सुरू करण्यापूर्वी स्वर्गात जाऊन आला होता, असे मानावे लागले. अशी कोणतीही यात्रा शुभवर्तमानांत नाही. सरळ अर्थ टाळायचा तर किती लांबून जावे लागते, ते यातून कळते.

आता, सर्व काही जुन्या करारात स्पष्ट आहे म्हणणाऱ्या पत्रलेखकांसाठी. मत्तय आणि लूक यांच्या जन्मकथांत पूर्वास्तित्वाचा उल्लेख नाही, हे मान्य करायला घाबरू नये. जुन्या करारातील मीखा संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात, ज्याचा उगम प्राचीन काळापासून आहे असा अधिपती बेथलेहेमातून येईल, असे वचन आहे. ख्रिस्ती वाचक त्यात अनादित्व वाचतो. यहुदी वाचक मात्र म्हणू शकतो की, दावीदाचे घराणे प्राचीन आहे आणि ते बेथलेहेमचेच आहे. त्याचे हे वाचन ओढूनताणून केलेले नाही. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात जगाआधीपासून देवाजवळ असलेले ज्ञान बोलते, तेही मशीहा हे नाव घेत नाही. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन याच्या संवाद या ग्रंथात त्रुफो हा यहुदी स्पष्ट सांगतो की, आमचा मशीहा माणसांपोटी जन्मलेला माणूस असेल. उलट हनोखाच्या पुस्तकात, या प्राचीन यहुदी ग्रंथात, मनुष्याचा पुत्र म्हटलेल्या मशीहाचे नाव सूर्य आणि तारे होण्यापूर्वी घेतले गेले आणि तो जगाआधी लपवून ठेवला होता, असे येते. म्हणजे खुद्द यहुदी परंपरेतही एकच एक मत नव्हते.

तेव्हा यहुदी मित्राशी बोलताना एकट्या मीखावर सगळा भार टाकू नये. तेथे इशारा आहे. उघड साक्ष पौल आणि योहान यांच्याकडे आहे. आणि निकैयाकडे बोट दाखवणाऱ्या लेखकाने फिलिप्पैकरांचा दुसरा अध्याय एकदा समोर ठेवून त्याचे उत्तर द्यावे. ते आपण छापलेत तर मी आवर्जून वाचेन.

आपला,
एक वाचक