नवी बास बोट घेताना

महोदय,

अमेरिकेत बास (गोड्या पाण्यातला एक मासा) मासेमारीसाठी वेगवान बोट घेताना अनेकजण अश्वशक्ती बघतात आणि चाचणी रिकाम्या बोटीवर उरकतात. हे धोक्याचे आहे. रनिंग-इन (नवे इंजिन सांभाळून चालवण्याचा सुरुवातीचा काळ) संपल्यावर इंधनाची टाकी भरून, दोन माणसे आणि सगळे सामान घेऊन पूर्ण थ्रॉटलला (वेगाचा दांडा पूर्ण पुढे करून) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, बघा. निर्मात्याने दिलेल्या टप्प्यापेक्षा तो कमी भरला, तर एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) प्रोपेलर लावा. साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

वेगात बोट डावी-उजवीकडे डोलू लागली की बहुतेकदा ट्रिम (मोटरचा वर-खाली कल) जास्त झालेला असतो. थ्रॉटल हळूहळू कमी करून ट्रिम खाली आणा. सुकाणू झटक्याने फिरवू नका. किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या स्विचची) दोरी चालकाच्या लाइफ जॅकेटला अडकवलेलीच हवी. २६ फुटांखालच्या बोटी वेगात चालवताना १ एप्रिल २०२१ पासून फेडरल (केंद्रीय) कायद्याने, बोटीला किल स्विच बसवलेला असल्यास, तो चालकाला जोडलेला ठेवणे सक्तीचे आहे.

– एक वाचक