लाइनीवरचा बाप

स्टावांगर, नॉर्वे
12 ऑक्टोबर 2025

प्रिय संजू,
अनेक आशीर्वाद.

फराळाचं पार्सल पोचलं. निम्म्या चकल्यांचा भुगा झाला होता, तो आम्ही चमच्यानं खाऊन संपवला. आईला सांग.

ओमच्या कबड्डीचा व्हिडिओ चार वेळा बघितला. पोरगं पायानं चपळ आहे. पण त्यात सगळ्यात मोठा आवाज तुझा आहे. "बोनस घे, बोनस घे! अरे, मागं काय बघतोस?" तो बघत होता तुझ्याकडंच, आणि तिथंच त्याची पकड झाली. स्वाती म्हणाली, येताना गाडीवर तू वाटभर त्याला बोलत होतास आणि रात्री तो जेवला नाही.

रागावू नकोस, मी काही शहाणा म्हणून सांगत नाही. मागच्या वर्षी मी हेच केलं.

आमच्या मीराची फुटबॉलची मॅच होती, पाच-पाच जणींची. इथं आईबाप "हाया हाया" करून दोन्ही बाजूंना टाळ्या देतात, आणि मी मराठीतून ओरडत होतो: "मधे काय उभी राहिलीस? पुढं जा की! दे ना पास!" मला वाटायचं, कुणाला काय कळतंय. बाकीच्यांना वाटत असेल, हा भारतीय माणूस काय जोरात प्रोत्साहन देतोय. मैदानावर मराठी कळणारी एकच होती, आणि ती नऊ वर्षांची होती. हाफ टाइमला त्यांची कोच माझ्याजवळ आली. कोच म्हणजे पगारी नव्हे, टीममधल्याच एका मुलीची आई. हळूच म्हणाली, "चेंडू आला की मीरा आधी तुझ्याकडं बघते, मग खेळते." बास, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात तिनं मला वॉफलच्या स्टॉलवर उभं केलं. इथं क्लब आईबापांच्या फुकट कामावर चालतात. त्याला दुग्नाद म्हणतात, आपल्याकडच्या इर्जिकीसारखं. कुणी पोरं ने-आण करतो, कुणी नेट बांधतो, कुणी केक करून आणतो. मी साचा तापवतो, पीठ ओततो, वरून जॅम नाहीतर ते तपकिरी गोडसर चीज. सुरुवातीला तोंड मिटून राहायचं म्हणजे जीव जायचा. आता वॉफल करपू नये याच्यातच लक्ष असतं, त्यामुळं ओरडायला फुरसत नाही.

इथला एक नियम ऐकून तू हसशील. पोराला अकरा वर्षं पूर्ण होतील त्या सालापर्यंत गुणतक्ता नाही, क्रमवारी नाही, आणि तेरा पूर्ण होतील त्या सालापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. 1987 पासून हे चालू आहे. मलाही आधी पोरखेळ वाटला. (पोरं गोल मनात मोजतातच, ती काय दुधखुळी आहेत?) पण 55 लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 39 पदकं घेऊन आला. बर्फ आणि पैसा त्यांच्याकडं आहेच, सगळं श्रेय त्या नियमाला देत नाही. पण नियमानं नुकसान झालेलं तरी दिसत नाही.

आणि इथले सगळे बाप देवमाणसं आहेत असंही नाही. आमच्या शेजारच्या सांडनेसमध्ये इंगेब्रिग्त्सन म्हणून घर आहे. तीन भाऊ, तिघेही 1500 मीटर धावण्यात युरोपचे विजेते, धाकटा याकोब तर ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. तिघांचा कोच आधी त्यांचा बापच होता. 2023 मध्ये तिघांनी पेपरात बापाविरुद्ध, त्याच्या मारझोडीबद्दल, जाहीर लिहिलं. प्रकरण कोर्टात गेलं. यंदा बहुतेक आरोपांतून बाप सुटला, मुलीच्या बाबतीतल्या एका प्रकारात दोषी ठरला. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक. पण एवढी पदकं घरात असून बाप आणि पोरं समोरासमोर कोर्टात उभी राहिली, ते वाचून मी दोन दिवस गप्प होतो.

तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं. तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य; बोर्डाचे ग्रेस गुण; पुढं नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण. आपल्याकडं खेळ म्हणजे नुसता खेळ राहत नाही, ते इथल्या लोकांना समजायचं नाही. पण ओम चौदाखालच्या गटात आहे. त्याला पकडीतून सुटायचं कसं ते सर शिकवतील. तू सर होऊ नकोस. सकाळी उठवून ग्राउंडवर सोड, गुडघा सोलला तर नीट धुऊन औषध लाव, वेळेवर जेवू घाल, सरांशी वाद घालू नकोस. कामं काय कमी आहेत?

आठवतंय, शाळेत मी खो-खोची फायनल हरलो होतो? शेवटच्या डावात मीच बाद झालो. आबा कधी नव्हे ते मॅचला आले होते, चिंचेखाली सायकल धरून उभे. मला वाटलं, आता काही खरं नाही. ते म्हणाले, "भेळ खाणार?" स्टँडजवळ भेळ खाल्ली, मी कॅरिअरवर बसलो आणि घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. ओगलेवाडीच्या चढाला फक्त, "उतर जरा, दम लागला," एवढंच.

काल मीराची टीम हरली. गाडीत बसल्यावर तिनं बूट उलटे केले, त्यातून टर्फचे काळे रबरी दाणे सीटवर सांडले. मी आरशातून बघितलं, बोललो नाही. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, "बाबा, तू आज मला करपलेलं वॉफल दिलंस." मग गोलकीपर कशी रडली ते सांगितलं, घर येईपर्यंत सांगत होती.

ओमला मॅटवरचे बूट घ्यायचेत म्हणालास ना? कागदावर पाऊल ठेवून माप काढ, दोन्ही पायांचं. अंगठा कुठं टोचतो ते त्यालाच विचार. फोटो पाठव, मी डिसेंबरात येताना आणतो.

आबांना नमस्कार.

तुझा,
दादा