रिमोट दुसऱ्याच्या हातात

ओहायो,
१२ नोव्हेंबर

प्रिय स्मिता,

"बारा वर्षं समुपदेशन केलंस, आता पीएचडी करून आणखी काय शिकणार?" हा तुझा टोमणा पोचला. आईही हेच विचारते, फक्त तिच्या प्रश्नात पगाराचा आकडा असतो.

अगं, इथे समुपदेशन कुणी शिकवत नाही. ते येतंच असं धरून चालतात. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या 'केक्रेप' या अमेरिकन संस्थेच्या नियमांत पीएचडीची पाच अंगं आहेत: समुपदेशन, सुपरव्हिजन (म्हणजे शिकाऊ समुपदेशकांच्या कामावर देखरेख), शिकवणं, संशोधन आणि नेतृत्व. त्यांतल्या निदान तिनांत मिळून ६०० तासांची इंटर्नशिप करायची. स्टॅटिस्टिक्स कसं चाललंय ते विचारू नकोस. मला घाम फोडलाय तो सुपरव्हिजननं.

मास्टर्सची दोन मुलं दर आठवड्याला आपापल्या सेशनचं रेकॉर्डिंग घेऊन माझ्याकडे येतात. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कॅगन यांनी १९६०च्या दशकात बसवलेली पद्धत आम्ही वापरतो. रिमोट विद्यार्थ्याच्या हातात. आत काही हललं असेल तिथे त्यानं थांबवायचं, मी फक्त विचारायचं, "तेव्हा मनात काय चाललं होतं?" शहाणपण शिकवायचं नाही. मला, स्मिता! गप्प बसायचं!

परवाचंच सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. पाठीच्या दुखण्यानं ट्रक सुटलेला एक ड्रायव्हर पडद्यावर म्हणाला, "मला आता कोण कामावर घेणार?" आणि आमच्या पोरानं लगेच फॉर्म पुढे सरकवला. प्रशिक्षण, भत्ता, सगळं घडाघडा. माझे हात शिवशिवत होते, आणि हा काही थांबवीना. बऱ्याच वेळानं त्यानं स्वतःच टेप मागे नेली. थांबवली. मग म्हणाला, "कारखाना बंद पडला तेव्हा बाबा हेच म्हणाले होते. मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं."

फॉर्मचा हा सोस पेशाच्या रक्तातच आहे म्हणा. इथे अमेरिकेत १९२०च्या स्मिथ-फेस कायद्यानं अपंग नागरिकांना कामाला लावायला सरकारी पैसा आला, १९५४ साली या कामाचे पुनर्वसन-समुपदेशक घडवण्यासाठी विद्यापीठांना. मानसिक आरोग्याचे समुपदेशक शेजारीच, पण वेगळे वाढले. दोघांच्या मान्यता-संस्था एक झाल्या त्या थेट २०१७ साली.

पण त्या रात्री मला आठवला तो आपल्या केंद्रातला, गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेला मुलगा. पहिल्याच भेटीत मी त्याला प्रमाणपत्राच्या कागदांची यादी लिहून दिली होती, झेरॉक्स किती काढायच्या त्यासकट. तो पुन्हा आला नाही. "गरज नसेल त्याला," असं म्हणून आपण दोघींनी चहा मागवला होता.

डिसेंबरअखेर येतेय. तुझ्या हाताखालच्या नव्या मुलीचं एखादं सेशन मला बघू दे, क्लायंट हो म्हणाला तरच. कोपऱ्यात बसेन, तोंड मिटून. मध्ये बोललेच तर सरळ बाहेर काढ.

तुझीच,
वैशाली