मांगराच्या भिंतीच्या सदोष दुरुस्तीबाबत तक्रार

दि. १८ जुलै

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : एप्रिलमध्ये बुजवलेला तडा पुन्हा उघडल्याबाबत

महोदय,

आमच्या मांगराच्या (गुरे-पेंढा ठेवायच्या गोठ्याच्या) भिंतीचा तडा आपल्या कंपनीने एप्रिलमध्ये बुजवला, ३८,५०० रुपये घेतले आणि पाच वर्षांची हमी दिली. पाऊस लागून महिना होतो न होतो तोच तडा त्याच जागी उघडला आहे. शिवाय धड होती ती भिंतही बिघडली आहे.

हा मांगर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधला, जांभ्या चिऱ्याचा, चुन्यात. तडा खिडकीच्या कोपऱ्यातून सांध्यासांध्यांनी पायऱ्यांसारखा जोत्याकडे उतरलेला, वर बोट जाईल एवढा, खाली केसाएवढा. कोपरा खचला की असाच तडा जातो. त्याच कोपऱ्याच्या पायाशी पागोळ्यांचे पाणी मुरते, तिथली चर मातीने भरली आहे, हे मी आपल्या माणसाला जागेवर नेऊन दाखवले. तडा वाढतो का हे कळावे म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यावर आडवी बसवलेली काचेची पट्टी गणपतीपर्यंत तुटली होती, तीही दाखवली. ‘ते नंतर बघू’ म्हणून त्यांनी तड्यात सिमेंट भरले आणि आतबाहेर सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफ रंग दिला.

चिरा पाणी पितो आणि चुन्याच्या सांध्यांतून ते बाहेरही टाकतो. आता ती वाटच बंद झाली. परवा खिडकीखालचा परातीएवढा गिलावा सुटून पडला. उलटा करून पाहिला, तर पाठीला चिऱ्याचा लाल थर चिकटून आलेला. उघड्या पडलेल्या चिऱ्यावर नख ओढले की भुगा पडतो. आत रचलेल्या पेंढ्याला बुरशी आली आहे, तो गुरांना कसा घालू?

दोनदा फोन केला. ‘भिंतच जुनी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. जुनी आहे म्हणूनच तर जाणकार समजून आपल्याला बोलावले होते.

आठ दिवसांत चुन्याचे काम जाणणारा माणूस पाठवून कोपऱ्याला टेकू द्यावा. पाऊस ओसरल्यावर सिमेंट काढून, आधी पाया आणि चर नीट करून, तड्यावर लांब चिरे आडवे घालून चुन्यातच सांधून द्यावे. जमणार नसेल, तर पूर्ण रक्कम परत करावी. दोन्ही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत पावती, हमीपत्र व छायाचित्रे जोडली आहेत.

आपली,
एक ग्राहक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग