स्पॅमची चाळणी ज्याची त्याने लावावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बनावट ई-मेलमुळे खाते रिकामे झाल्याची बातमी छापताना खाली चौकटीत ‘अनोळखी मेल उघडू नका’ असा सल्ला हमखास असतो. मी नारायण पेठेत कर सल्लागार आहे. अनोळखी माणसाचा मेल उघडणे हाच माझा धंदा. नवा ग्राहक अनोळखीच असतो आणि त्याच्या मेलच्या विषयात ‘नोटीस’, ‘रिफंड’, ‘जीएसटी’, ‘अर्जंट’ हेच शब्द असतात. भामट्यांचेही आवडते शब्द तेच.

त्यामुळे स्पॅम, म्हणजे नको असलेले घाऊक आणि बनावट मेल अडवायला मेल कंपनीने सर्व्हरवर लावलेली चाळणी आमच्या अर्ध्याच कामाची. माझ्या एका दुकानदार ग्राहकाला विवरणपत्रातल्या तफावतीबद्दल प्राप्तिकर खात्याची सूचना आली, उत्तराला मुदत ३० दिवस. त्याच्या मेल सेवेने ती थेट स्पॅममध्ये टाकली. दुकानातला संगणक जुन्या पॉप पद्धतीने मेल उतरवतो. पॉपमध्ये फक्त इनबॉक्स खाली येतो, सर्व्हरवरचे स्पॅम फोल्डर तिकडेच राहते. बिचारा रोज मेल बघत होता, पण ती सूचना त्याला दिसणारच नव्हती. त्यात स्पॅममधले मेल महिनाभराने आपोआप पुसण्याची पद्धत बऱ्याच सेवांत आहे; म्हणजे मुदत आणि सूचना दोन्ही बरोबरच संपणार! पेठांतल्या दुकानांत असे जुने सेटिंग अजून पुष्कळ आहे. त्यांनी ते बदलून आयमॅप करून घ्यावे (त्यात सर्व्हरवरची स्पॅमसकट सगळी फोल्डर संगणकावर दिसतात), नाहीतर आठवड्यातून एकदा तरी ब्राउझरमधून स्पॅम बघावे.

मी स्वतः थंडरबर्ड वापरते. मोझिलाचा हा मेल वाचण्याचा प्रोग्रॅम फुकट आहे आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ची, म्हणजे नवखा नव्हे. त्यात ‘टूल्स’खाली ‘मेसेज फिल्टर्स’ आहे, म्हणजे आपली चाळणी आपणच लावायची सोय. माझ्या सर्वांत उपयोगी फिल्टरला तीन अटी आहेत: विषयात ‘रिफंड’ आहे, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात सरकारी ‘गव्ह डॉट इन’ नाही आणि तो माझ्या अ‍ॅड्रेस बुकातही नाही. तिन्ही जुळल्या तर मेल ‘संशयित’ फोल्डरमध्ये जातो. इथे वर ‘मॅच ऑल’ निवडायचे. ‘मॅच एनी’ राहिले तर एकच अट जुळली तरी पुरते, आणि मग लाइटबिलापासून भाचीच्या लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळेच संशयित ठरते.

‘डिलीट’ मात्र मी कुठल्याच फिल्टरला लावलेले नाही. सदाशिव पेठेतले एक आजोबा नातीच्या मेलवरून विषयात ‘रिफंड?’ एवढेच लिहून पाठवतात, आत कोरे. तिन्ही अटींत ते चपखल बसतात. दुपारच्या चहाला ‘संशयित’ उघडले की सापडतात. (भामटे रिफंडपुढे प्रश्नचिन्ह देत नाहीत, हे जाता जाता.)

फिल्टर वरून खाली क्रमाने चालतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बँकांचे उदाहरण घ्या. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर यायला सांगितले होते. म्हणून माझ्याकडे वरचा फिल्टर असा: पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असेल तर मेल ‘बँक’ फोल्डरमध्ये, आणि पुढे ‘स्टॉप फिल्टर एक्झिक्युशन’. त्याच्या खालचा फिल्टर: विषयात ‘केवायसी’ असेल तर संशयित. क्रम उलटा झाला की खरी बँकही संशयितांत. ‘बँक’आधीचा डॉट विसरू नये, कारण ‘अमुकबँक डॉट इन’ असा पत्ता कोणीही घेऊ शकतो. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाही घालता येतो. तेव्हा ‘बँक’ फोल्डरमधल्या मेलमधलीही लिंक मी दाबत नाही.

फ्लॅटच्या जाहिरातींसाठी शब्द शोधत बसायला नको. घाऊक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत, ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ (यादीतून नाव काढा) नावाची ओळ असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांकडून ती मागतात. फिल्टरमध्ये ‘कस्टमाइझ’मधून हे हेडर जोडले की हिंजवडी आणि वाघोलीचे फ्लॅट एकदम बाजूला होतात.

उरलेल्यासाठी ‘जंक’चे बटण. त्यामागे अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या धर्मोपदेशकाचे संभाव्यतेचे गणित आहे. कोणता शब्द जंकमध्ये किती वेळा येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, हे प्रोग्रॅम मोजतो. माझ्या चांगल्या मेलमध्ये ‘जीएसटी’ खच्चून असल्याने त्या शब्दावरून तो कोणाला चोर ठरवत नाही. शेजारच्या डॉक्टरांच्या संगणकावर ठरवेल, आणि तिथे ते बरोबरच असेल. मात्र चुकून जंकमध्ये गेलेल्या मेलला ‘नॉट जंक’ म्हणायला हवे. नुसता उचलून इनबॉक्समध्ये टाकू नये. शिवाय हे सगळे संगणकावर थंडरबर्ड चालू असेपर्यंतच. तो बंद असताना फोनवर कचरा दिसणारच.

नको असलेले कॉल आणि एसएमएस थांबवायला दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा १९०९ हा क्रमांक आहे. ई-मेलला तसे काही नाही, म्हणून एवढे लिहिले. आपण चौकटीत ‘उघडू नका’ऐवजी एखादा फिल्टर छापलात तर जास्त उपयोग होईल.

आणि एक विनंती सहकार खात्याला. ‘डॉट बँक डॉट इन’ बँकांपुरते आहे, पतसंस्था त्यात येत नाहीत. माझ्या ग्राहकांना व्याजाचे दाखले पाठवणाऱ्या एका पतसंस्थेच्या शाखा वेगवेगळ्या फुकट पत्त्यांवरून लिहितात, आणि शाखेतला माणूस बदलला की पत्ताही बदलतो. पतसंस्थांना निदान एक कायमचा पत्ता ठरवायला लावावे. नाहीतर त्यांच्यासाठी फिल्टर लिहायचा तरी काय?

— एक कर सल्लागार, नारायण पेठ, पुणे ३०