आजी नुसती सांभाळण्यापुरती नाही

ज्येष्ठांविषयी काही छापून आले की सूर बहुधा ‘यांना सांभाळायचे कोण’ असाच असतो. उत्क्रांतीचा हिशेब उलटा आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या पिल्ले होण्याचे वय संपल्यावर फार जगत नाहीत. बाई मात्र पाळी गेल्यावरही कित्येक वर्षे धडधाकट असते. टांझानियातील शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाडझा लोकांत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांनी पाहिले, की आई तान्ह्यात अडकली की आजी टणक जमिनीतून कंद खणून थोरल्या नातवंडांचे पोट भरते. त्यावरून त्यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये आजीचे गृहीतक सविस्तर मांडले: नातवंडे जगवण्यातल्या या मदतीमुळेच बाईचे पाळीनंतरचे आयुष्य लांबले असावे. त्यावर वाद आहेत, आणि आम्हा आजोबांना त्यात फारशी जागा नाही, ते असो!

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या डिपिंग-थिनिंगच्या (घड संजीवकात बुडवण्याच्या आणि मणी विरळ करण्याच्या) दिवसांत सुना बागेत आणि पोरे आजीजवळ ओट्यावर, हे आजही दिसते. शहरात इंदिरानगर, गंगापूर रोडला स्कूलबसची वाट बघत, नातवाचे दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून उभे असतात तेही आजी-आजोबाच. अशा थांब्यांवर निदान एकेक बाक तरी बसवावा. गुडघे उत्क्रांतीचे ऐकत नाहीत.

– एक आजोबा, इंदिरानगर, नाशिक