आठ दिवसांची खाट हवी आहे

माननीय संपादक यांस,

माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख मी दोनदा रद्द केली आहे. डॉक्टरांचं पथ्य साधं आहे: काही दिवस खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. पण पाच वर्षांपूर्वी आमच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते ७३ वर्षांचे, मी ६६.

लालबागच्या चाळीत राहत असल्याने हाक मारली की माणसं धावून येतात, हे खरं. पण रात्री दोन वाजता कूस बदलायला रोज कुणाला उठवणार? ब्युरोतून बारा तासांची आया मिळते, तिचे पैसे पेन्शनमधून कसेबसे निघतात. गणपतीत तीही गावी जाते. नवी बाई आली की ह्यांना धास्ती बसते. कुठे दुखतंय ते सांगता येत नाही, मग नुसते डोळे भरून येतात. मुलगी नोकरी आणि दोन लहान मुलं सांभाळून दर रविवारी डोंबिवलीहून येते. तिच्यावर आणखी किती टाकायचं?

म्हणून फक्त आठ दिवसांसाठी जागा शोधायला निघाले. रुग्णालय म्हणालं, तब्येत स्थिर आहे, भरती कशी करणार? एका वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेला माणूस घेत नाहीत. दुसरीकडे घेतात, पण मोठी अनामत भरून. तिथल्या बाई फोनवर सहज म्हणाल्या, "मग कायमचंच ठेवा ना." त्या दिवशी मला घास गिळवला नाही. मला ह्यांना कुठे सोडून यायचं नाही हो. नवव्या दिवशी त्यांना घरी आणायचं आहे.

अशी सोय असावी हे सरकारला माहीतच नाही, असंही नाही. १९९९च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना तात्पुरत्या निवासाची सोय देण्यासाठीच आखली गेली. त्या आईवडिलांना विसाव्याची गरज आहे हे मान्य झालं, मग अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्सच्या रुग्णांची घरची माणसं थकत नाहीत का? २०२४पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. ते कार्ड आमच्याकडे आहे. पण ते रुग्णालयातल्या उपचारासाठी. बायको आजारी पडली म्हणून नवऱ्याला आठ दिवस सांभाळायला नाही. जपानमध्ये २००० साली काळजी विमा सुरू झाला, त्यात अशा थोड्या दिवसांच्या मुक्कामाचीही सोय आहे.

माझी मागणी मोठी नाही. महापालिकेची उपनगरांत रुग्णालयं आहेत, जागोजागी प्रसूतिगृहं आहेत. प्रत्येक विभागात निदान चार खाटा यासाठी राखाव्यात. वर्षातून आठ-दहा दिवस, आधी नोंदणी करून, ठरलेलं शुल्क घेऊन. फुकट नको. कूस बदलणारी, भरवणारी, डायपर वेळेवर बदलणारी माणसं मात्र शिकलेली हवीत. आणि दाखल करताना घरच्या माणसाचं नीट ऐकून घ्यायला अर्धा तास द्यावा, कारण आजार फाइलमध्ये असतो, माणूस नसतो.

मी तेवढ्यासाठी एका वहीत लिहून ठेवलं आहे. घास डाव्या गालात द्यायचा. पाणी पातळ चालत नाही, ठसका लागतो. सकाळी आकाशवाणीच्या मराठी बातम्या लावायच्या. डावा हात दोनदा आपटला तर लघवी, एकदा आपटला तर मला हाक.

डोळ्याची पुढची तारीख डिसेंबरातली मिळाली आहे. ती वही कुणाच्या हातात द्यायची, तेवढं कुणीतरी सांगावं.

– एक वाचक, लालबाग, मुंबई